सारनाथला पहिल्यांदा जाताय? मग अख्खा दिवस काढा

काशीयात्रेच्या कार्यक्रमपत्रिकेत सारनाथ बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतरच्या दोन तासांत कोंबलेलं असतं. गाडी थांबते, धामेक स्तूपासमोर सगळ्यांचा फोटो होतो, कोणीतरी बुद्धाची छोटी मूर्ती विकत घेतं आणि मंडळी संध्याकाळच्या गंगा आरतीसाठी परत फिरतात. ज्या सिंहांचं चित्र आपल्या नोटांवर आणि पासपोर्टवर आहे, ते मूळ सिंह तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर असतात, आणि ते बघायचेच राहून जातात. माझं स्पष्ट मत आहे की सारनाथला सकाळ ते संध्याकाळ असा पूर्ण दिवस द्यावा. उत्खननाचं मैदान आणि संग्रहालय या दोन वेगळ्या जागा मानू नयेत. एकाच वास्तूचा खालचा भाग मैदानात उरला आहे आणि वरचा संग्रहालयात नेऊन ठेवला आहे, असं इथे जागोजागी आहे. दोन्ही एकाच दिवशी पाहिलं तरच जागा कळते. तो दिवस कसा आखायचा, ते क्रमाने सांगतो.

आधी वार बघा, मग महिना

पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. ही एक गोष्ट न बघता तिकिटं काढणारे लोक फार आहेत. उत्खननाचं मैदान मात्र रोज, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत खुलं असतं. संग्रहालय सकाळी उघडून संध्याकाळी पाचला बंद होतं आणि शेवटचा प्रवेश त्याच्या थोडा आधी थांबतो. त्यामुळे संग्रहालय दुपारी उशिरावर ढकलू नका.

महिन्याचं म्हणाल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर आणि फेब्रुवारी ते मार्चचा मध्य हे दिवस सर्वांत चांगले. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि मैदानात सावली मोजकीच आहे. डिसेंबरअखेर ते जानेवारी हा धुक्याचा काळ. त्या दिवसांत उत्तरेकडच्या गाड्या कित्येक तास उशिरा धावतात, म्हणून पोहोचल्या दिवशीच सारनाथ ठेवू नका, मध्ये एक दिवस मोकळा सोडा.

तीन पौर्णिमांना इथे विशेष महत्त्व आहे. वैशाखात बुद्धपौर्णिमा. आषाढ पौर्णिमा तर सारनाथची स्वतःची, कारण बुद्धाचं पहिलं प्रवचन इथेच त्या दिवशी झालं अशी परंपरा आहे. आणि कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास इथल्या आधुनिक मूलगंधकुटी विहाराचा वार्षिकोत्सव होतो, तेव्हा तिथल्या पवित्र अस्थी दर्शनासाठी बाहेर काढतात. श्रद्धेने जाणाऱ्यांनी हे दिवस जरूर निवडावेत. पण कार्तिक पौर्णिमेलाच बनारसला देवदिवाळी असते. खोल्या महिनोन् महिने आधी भरतात आणि दरही चढतात. शांतपणे मूर्ती बघायच्या असतील तर हा आठवडा टाळा.

पोहोचायचं कसं

मुंबईहून महानगरी एक्सप्रेस थेट वाराणसीला जाते. पुण्याहून ज्ञानगंगा एक्सप्रेस आहे, ती 'बनारस' स्थानकावर संपते. हे बनारस स्थानक म्हणजे पूर्वीचं मंडुआडीह. वाराणसी जंक्शन वेगळं, त्याला गावातले लोक 'कैंट' म्हणतात. आरक्षण करताना या दोन नावांत गोंधळ होतो, तेवढं तपासा. नागपूरकरांसाठी संघमित्रा एक्सप्रेस सोयीची. ती पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनला, म्हणजे जुन्या मुगलसरायला उतरवते, आणि तिथून पुढे रस्त्याने यावं लागतं. विमानाने आलात तर बाबतपूरचा लाल बहादूर शास्त्री विमानतळ आहे.

वाराणसी शहरापासून सारनाथ साधारण दहा किलोमीटर, ईशान्येला. कैंट स्थानकाच्या बाहेरून पांडेयपूर, आशापूर मार्गे ऑटो आणि ई-रिक्षा मिळतात. अख्खी ऑटो ठरवली तर भाडं आधी ठरवा आणि "कहीं रुकना नहीं है" हे बसण्यापूर्वीच सांगा. वाटेत साडीच्या दुकानात थांबवण्याचा आग्रह इथे नेहमीचा आहे आणि त्यात तुमचा सकाळचा सर्वांत चांगला तास जातो. सारनाथला स्वतःचं छोटं रेल्वे स्थानकही आहे, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या थोड्या. त्यावर बेत आखण्यात अर्थ नाही.

राहायला बनारस की सारनाथ? घाट, देवळं आणि गल्ल्या बघायच्या असतील तर बनारस. पण ज्येष्ठ मंडळी सोबत असतील, किंवा पहाटे मैदानात शिरायचं असेल, तर एक रात्र सारनाथलाच काढा. इथे श्रीलंका, म्यानमार, थायलंड, तिबेट, जपान अशा अनेक परंपरांचे विहार आहेत आणि त्यांतल्या काहींमध्ये यात्रेकरूंची साधी, स्वच्छ सोय होते. आधी फोन करून जागा विचारावी. विहारात उतरलात तर तिथल्या जेवणाच्या आणि दरवाजा बंद होण्याच्या वेळा पाळाव्या लागतात.

तिकीट आणि सोबतचं सामान

मैदानाचं आणि संग्रहालयाचं तिकीट वेगवेगळं आहे. दोन्ही स्वस्त. मैदानाचं तिकीट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर किंवा दारावरचा क्यूआर कोड स्कॅन करून काढलं की रांग वाचते आणि थोडी सवलतही मिळते. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. परदेशी नागरिकांचा दर कितीतरी जास्त आहे. पण तुमच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असेल तर भारतीय नागरिकांचाच दर लागतो. अमेरिकेहून किंवा इंग्लंडहून आलेल्या नातेवाइकांना ते कार्ड हॉटेलवर न ठेवता खिशात ठेवायला सांगा.

संग्रहालयात पिशव्या आत नेता येत नाहीत, बाहेर जमा कराव्या लागतात. म्हणून सकाळी निघतानाच सामान कमी ठेवा. मोबाइल आणि फोटोचा त्या दिवशीचा नियम तिकीट खिडकीवर विचारून घ्या. फोन बाहेर ठेवावा लागला तर वाईट वाटून घेऊ नका. कागद-पेन्सिल जवळ ठेवा, दोन ओळी लिहून घेतलेलं फोटोपेक्षा जास्त लक्षात राहतं.

मैदानात टोपी, पाण्याची बाटली आणि चालायला मऊ बूट हवेत. विहारांत चपला-बूट काढावे लागतात. जानेवारीत तिथली फरशी बर्फासारखी गार असते, तेव्हा जाड मोजे घाला.

क्रम: आधी संग्रहालय, मग मैदान

नवख्या माणसाला मी नेहमी आधी संग्रहालय सांगतो. थेट मैदानात गेलं तर विटांचे चौथरे आणि जोती दिसतात, आणि अर्ध्या तासात "सगळीकडे सारखंच आहे" असं वाटायला लागतं. आधी तिथून निघालेल्या मूर्ती, खांब, छत्र डोळ्यांत भरून घेतले की त्या जोत्यांवर काय उभं होतं याचा अंदाज येतो. फक्त उन्हाळ्यात हा क्रम उलटा करा: सूर्य उगवताना मैदान, ऊन चढलं की संग्रहालय.

संग्रहालयाची इमारतही थांबून बघण्यासारखी आहे. ती १९१० मध्ये पूर्ण झाली, आणि उत्खननाच्या जागेलगत उभारलेलं पुरातत्त्व खात्याचं हे सर्वांत जुनं संग्रहालय. तिचा आराखडा जुन्या संघारामाच्या, म्हणजे भिक्षूंच्या मठाच्या धर्तीवर, अर्ध्या विहारासारखा केलेला आहे. आत पाच दालनं आणि दोन व्हरांडे आहेत. सगळ्यांना सारखा वेळ देऊ नका. पहिल्या भेटीत पुढच्या तीन वस्तूंना निम्मा वेळ द्या.

पहिली अर्थातच सिंहशीर्ष. मुख्य दालनात शिरलं की समोरच. १९०४-०५ च्या हंगामात एफ. ओ. ओर्टेल या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्याने केलेल्या उत्खननात ते मिळालं. उंची सुमारे २.३ मीटर, चुनारच्या वालुकाश्माचा एकच अखंड दगड. लोक समोरून बघतात आणि पुढे सरकतात. तुम्ही पूर्ण फेरी मारा. सिंहांच्या पायांखालच्या गोल पट्टीवर हत्ती, बैल, घोडा आणि सिंह असे चार प्राणी आहेत आणि त्यांच्यामध्ये चार चक्रं, प्रत्येकाला २४ आरे. राष्ट्रध्वजावरचं चक्र ते हेच. राजमुद्रेत समोरून फक्त तीन सिंह, बैल आणि घोडा दिसतात. हत्ती बघायला मागच्या बाजूलाच जावं लागतं. पट्टीखाली उलट्या कमळाची घंटा आहे, तीही राजमुद्रेत घेतलेली नाही. 'सत्यमेव जयते' हे शब्द मुंडकोपनिषदातले, राजमुद्रेत जोडलेले. या दगडावर ते शोधू नका. आणि सिंहांच्या डोक्यांवर मुळात आणखी एक मोठं धर्मचक्र होतं, ३२ आऱ्यांचं. त्याचे तुकडे मिळाले, तेही याच संग्रहालयात आहेत. चार सिंह त्या चक्राला तोलून धरणारे होते हे कळलं की त्यांच्या उभं राहण्याचा अर्थच बदलतो. आयाळीचे कुरळे झुपके, पंजांवर ताणलेल्या शिरा आणि दोन हजारांहून अधिक वर्षांनंतरही न गेलेली झिलई, हे जवळून बघा. हात मात्र लावू नका.

दुसरी वस्तू म्हणजे तांबड्या दगडाचा उभा भव्य बोधिसत्त्व. हा दगड सारनाथचा नाही, मथुरेचा. बल नावाच्या भिक्षूने कुषाण सम्राट कनिष्काच्या तिसऱ्या राज्यवर्षात ही मूर्ती इथे दान केली, असं तिच्यावरचा लेख सांगतो. दोन पायांच्या मध्ये एक छोटा सिंह आहे. मूर्तीवर धरलेलं दगडी छत्र वेगळं ठेवलेलं आहे. त्याचा पसारा आणि त्यावरची कोरीव वर्तुळं नीट बघा. शेजारच्या फिकट चुनार दगडाच्या मूर्तींशी तुलना केली की मथुरेची भरदार, रुंद खांद्यांची शैली आणि सारनाथची नाजूक शैली यांतला फरक कोणी न शिकवता कळतो.

तिसरी, धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतला, म्हणजे पहिलं प्रवचन देताना बसलेला बुद्ध. गुप्तकाळ, पाचवं शतक, उंची साधारण १.६ मीटर. माझ्या दृष्टीने संपूर्ण सारनाथमध्ये हिच्याइतकं शांत दुसरं काही नाही. डोळे अर्धे मिटलेले, दोन्ही हात छातीशी, आणि अंगावर वस्त्र आहे हे फक्त कडांवरून कळतं, एकही चुणी नाही. चेहऱ्यावर रेंगाळून झालं की खाली बसा आणि आसनाची पट्टी बघा. मधोमध चक्र, दोन बाजूंना हरणं, आणि ऐकायला बसलेले पाच भिक्षू: कौंडिण्य, वप्प, भद्दिय, महानाम, अस्सजी. त्यांच्याबरोबर एक स्त्री आणि मूलही आहे. मूर्ती दान करणारी तीच असावी असं अभ्यासक मानतात. पहिल्या प्रवचनाच्या त्या प्रसंगात आपलं लेकरू घेऊन ती कायमची बसली आहे. या मूर्तीसमोर निदान दहा मिनिटं द्या.

बाकी दालनांत तारा, मंजुश्री, अवलोकितेश्वर या बौद्ध देवतांच्या मूर्ती आहेत, आणि एका दालनात शिव, विष्णू, गणेश. अंधकासुराचा वध करणारा प्रचंड शिव अपूर्ण असूनही चुकवू नये असा. वेळ कमी असेल तर इथून भरभर गेलात तरी चालेल. फक्त राणी कुमारदेवीचा शिलालेख शोधा. कनौजचा गाहडवाल राजा गोविंदचंद्र याची ही बौद्ध राणी. बाराव्या शतकात तिने इथे विहार बांधला. सारनाथच्या प्राचीन बांधकामांतलं हे शेवटचं मोठं काम. त्याचं जोतं तुम्हाला मैदानात दिसेल.

मैदानात कसं फिरायचं

संग्रहालयातून बाहेर या, चहा घ्या, थोडं खा आणि मग मैदानात शिरा. दोन-अडीच तास हाताशी ठेवा. मार्गदर्शक हवा असेल तर पर्यटन खात्याचं ओळखपत्र गळ्यात असलेला घ्या, आणि "हमको आराम से देखना है" असं सुरुवातीलाच सांगा.

सुरुवातीला धर्मराजिका स्तूपाची गोल जागा लागते. आज फक्त पाया आहे. मूळ स्तूप अशोकाचा, आणि नंतरच्या शतकांत तो सहा वेळा वाढवला गेला. अठराव्या शतकाच्या अखेरीस बनारसच्या जगत सिंह यांच्या माणसांनी बांधकामासाठी त्याच्या विटा काढल्या. आत दगडी पेटी सापडली, तिच्यात हिरव्या संगमरवराचा करंडक आणि त्यात अस्थी. त्या अस्थी गंगेत सोडल्या गेल्या. हा सगळा प्रकार छापून प्रसिद्ध केला तो जोनाथन डंकन याने. ईस्ट इंडिया कंपनीचा बनारसमधला हा रेसिडेंट (प्रतिनिधी) पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, १८११ मध्ये मुंबईतच वारला, आणि फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये त्याचं स्मारक आहे. मुंबईकरांनी परत आल्यावर ते जरूर बघावं. सारनाथकडे अभ्यासकांचं लक्ष वळलं ते त्याच्या त्या टिपणामुळे.

तिथून जवळच प्राचीन मूलगंधकुटीचं, म्हणजे मुख्य मंदिराचं जोतं आहे. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएनत्संग आला तेव्हा इथे १५०० भिक्षू राहत होते आणि हे मंदिर गगनाला भिडलेलं होतं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. मंदिराच्या दक्षिणेकडच्या गाभाऱ्यात एकाच दगडातून कोरलेला मौर्यकालीन कठडा आहे. त्याची झिलई सिंहांशी ताडून बघा.

मंदिराच्या पश्चिमेला छपराखाली अशोकस्तंभाचा बुंधा आणि तुकडे आहेत. सकाळी पाहिलेले सिंह या खांबावर, सुमारे पंधरा मीटर उंचीवर होते. मान वर करून तेवढी उंची डोळ्यांनी मोजा. मग बुंध्यावरचा ब्राह्मी लेख बघा. त्यात अशोकाची कडक ताकीद आहे: संघात फूट पाडणारा भिक्षू असो की भिक्षुणी, त्याला पांढरी वस्त्रं नेसवून संघाबाहेर राहायला लावावं. पुढे कुषाण आणि गुप्तकाळात याच खांबावर आणखी लेख कोरले गेले. आपल्याकडे लहान मुलांना सिंह माहीत असतात, पण ते कशावर उभे होते आणि त्या खांबावर काय लिहिलं होतं ते कोणी सांगत नाही. मुलं बरोबर असतील तर इथे थांबून सांगाच.

शेवटी धामेक. पायाशी व्यास सुमारे २८ मीटर, जमिनीवरची उंची सुमारे ३३ मीटर. पुरातत्त्व संशोधक अलेक्झांडर कनिंगहॅमने १८३५ च्या सुमारास वरून थेट खालपर्यंत विवर खणलं, आणि त्याला 'ये धम्मा हेतुप्पभवा' या प्रसिद्ध बौद्ध गाथेची शिळा मिळाली. स्तूपाला उजवीकडे ठेवून हळू प्रदक्षिणा करा. आठ दिशांना मूर्तींसाठी कोनाडे आहेत, आता रिकामे. त्यांच्या खालून कोरीव पट्टा फिरतो, त्यात स्वस्तिकांची भौमितिक जाळी आणि वर-खाली कमळवेली. दक्षिण बाजूला कमळावर बसलेली छोटी मानवाकृती, चक्रवाकांची जोडी आणि एक बेडूक कोरलेला आहे. मुलांना तो बेडूक शोधायला लावा, मोठेही शोधत बसतात. तिरप्या उन्हात ही नक्षी उठून दिसते, म्हणून धामेक दुपारी साडेतीननंतर ठेवा.

इथे कोणी ध्यानाला बसलेलं असतं, कोणी पालीत, कोणी तिबेटीत, कोणी मराठीत वंदना म्हणत असतं. नागपूर, अमरावती, औरंगाबादकडून पांढऱ्या वेशातले उपासक-उपासिकांचे जथे वर्षभर येतात. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये, धम्मदीक्षेनंतर महिन्याभराने, काठमांडूच्या परिषदेहून परतताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर सारनाथला आले होते. त्यामुळे महाराष्ट्रातून येणाऱ्या अनेकांसाठी ही जागा केवळ पुराणवस्तूंची नाही. फोटो काढताना लोकांच्या वंदनेच्या मध्ये येऊ नका, आणि स्वतः पूजा करणार असाल तर दगडावर सोनेरी वर्ख, मेण किंवा उदबत्ती लावू नका. कोरीव काम त्याने खराब होतं. जोत्यांवर चढून रील करणाऱ्यांना मात्र बेधडक टोका.

उरलेला वेळ

जवळच महाबोधी सोसायटीचा मूलगंधकुटी विहार आहे. श्रीलंकेचे बौद्ध धर्मप्रसारक अनागारिक धर्मपाल यांच्या प्रयत्नांतून उभा राहिलेला आणि १९३१ मध्ये खुला झालेला. आतल्या भिंतींवर कोसेत्सू नोसू या जपानी चित्रकाराने बुद्धचरित्र रंगवलं आहे. दुपारी विहार काही वेळ बंद असतो, वेळ बघून जा. आवारात अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या रोपापासून वाढलेलं झाड आहे. धामेकला लागूनच जैनांचं मंदिरही आहे, कारण अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ यांचं जन्मस्थान इथलंच मानतात.

रस्त्यावर 'पुराना है, खुदाई का है' म्हणत मूर्ती दाखवणारे भेटतात. वस्तू नवी असते, आणि खरोखर जुनी असलीच तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे अशी खरेदी अंगाशी येऊ शकते. आठवण हवी असेल तर विहारातल्या दुकानातून पुस्तक किंवा चित्र घ्या.

मुक्काम सारनाथलाच असेल तर संध्याकाळी धामेकजवळ ध्वनिप्रकाश कार्यक्रम होतो, त्याची वेळ तिकीट खिडकीवर विचारून ठेवा. बनारसला परतणार असाल तर वाटेत चौखंडी स्तूपापाशी उतरा. पहिलं प्रवचन ऐकणारे ते पाच भिक्षू बुद्धाचे जुने सोबती; त्यांची आणि बुद्धाची पुन्हा भेट झाली ती ही जागा, असं मानतात. वरचा अष्टकोनी मनोरा मात्र १५८८ चा. हुमायून इथे येऊन गेला होता, त्या आठवणीसाठी राजा तोडरमलचा मुलगा गोवर्धन याने तो बांधला. वीस मिनिटं पुरतात. अंधार पडल्यावर शेअर ऑटो कमी होतात आणि आशापूर, पांडेयपूरच्या चौकांत गर्दी तुंबते. त्याच रात्रीची गाडी असेल तर सारनाथहून गाडीच्या वेळेआधी निदान दोन तास निघा.